अहो, आज रात्री काय करू?

भगिनींनो, घराघरांतून रोज तिन्हीसांजेला विचारला जाणारा हा प्रश्न. त्याला ठरलेले उत्तर, "कर काहीही." या प्रश्नालाही इतिहास आहे, असे म्हटले तर पुष्कळजणी हसतील. पण राजेरजवाड्यांचा इतिहास असतो, तसा चुलीचाही असतो.

आपल्या आज्या-पणज्यांनी हा प्रश्न नवऱ्याला विचारलाच नाही. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने उघड बोलायचीच चोरी, मग भाजी ठरवणे दूरच! कोठीच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला. त्या मापून देतील ते धान्य, परसात किंवा बाजारात मिळेल ती भाजी. उरलेले पंचांग ठरवी. कांदेनवमीनंतर चातुर्मासभर कांदा-लसूण बंद, श्रावणी सोमवारी रात्री उपास सोडायचा, एकादशीला फराळ. देशावर भाकरी, कोकणात भात. सुनेने फक्त रांधायचे, आणि पुरुषांची पंगत उठली की उरेल ते खायचे.

पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या, कचेऱ्या निघाल्या. पुष्कळ गिरणीकामगार बायकामुले गावी ठेवून आलेले. त्यांचे जेवण खानावळवाल्या बाया ठरवीत. ज्यांनी बिऱ्हाड थाटले, त्यांच्या दोन खोल्यांत सासूबाई नव्हत्या. तिथे हा प्रश्न प्रथम नवराबायकोचा झाला. अशा नव्या गृहिणींच्या हाती सौ. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० साली आले. हजार पदार्थ! पण ते करायला शिधा हवा.

तो शिधा दुसऱ्या महायुद्धाने हिरावला. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ यायचा थांबला. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले. आता रात्रीचे जेवण सासूबाईही ठरवीनात, नवराही ठरवीना. ठरवी ते कार्ड. स्वातंत्र्यानंतरही टंचाई सरली नाही. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू येऊ लागला. भात खाणाऱ्या घरांतून पोळ्या लाटाव्या लागल्या.

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले, धान्याची ओढ होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला आवाहन केले, की आठवड्यातून एक वेळचे, सोमवारी रात्रीचे, जेवण सोडावे. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या चाळीत त्या रात्री स्टोव्हचे आवाज थांबत. पण आमच्या घरी एक पेच पडला. आईचा बारा महिने सोमवारचा उपास. ती जेवायची ती सोमवारी रात्रीच! आम्ही दुपारी पोटभर जेवत होतो, ती मात्र दोन्ही वेळा उपाशी. पहिल्या सोमवारी ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या सोमवारी ही गोष्ट दादांच्या ध्यानात आली.

"तू जेव. आम्ही राहतो," दादा म्हणाले. मग थोड्या वेळाने विचारले, "तुला काय खावेसे वाटते?"

आई बराच वेळ गप्प राहिली. लग्नाला चौदा वर्षे झाली होती. हे तिला कोणी विचारलेच नव्हते. शेवटी म्हणाली, "मुगाची खिचडी. थोडी सैलसर." आम्हा मुलांना खिचडी आवडत नसे, म्हणून ती घरात कधी होतच नव्हती. त्या रात्री आई एकटी पाटावर बसून जेवली आणि आम्ही भोवती बसून पाहत राहिलो.

पुढचा इतिहास तुमच्याआमच्या डोळ्यांसमोरचा आहे. १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. १९७२ च्या दुष्काळात व महागाईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढारीपणाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. चुलीपुढचा प्रश्न त्यांनी सरकारलाच विचारला. मग गॅस आला, कुकर आला, बायका नोकरीला लागल्या. आता मुलगा-सून आपापल्या कचेरीतून फोनवर रात्रीचे जेवण ठरवतात, आणि जो आधी घरी पोचेल तो कुकर लावतो. पुष्कळदा बाहेरूनच मागवतात. आपण नाके मुरडतो. पण माझी सून "मला आज पिठलं-भात हवा" असे सरळ सांगते, तेव्हा मला बरे वाटते.

भगिनींनो, कोठीची किल्ली गेली, कार्डाची रांग गेली. तरी आपल्यापैकी कितीजणी "तुम्हाला काय करू?" एवढेच विचारून थांबतात! आज रात्री स्वयंपाकाला लागण्यापूर्वी तो प्रश्न एकदा स्वतःलाही विचारावा, आणि येईल ते उत्तर घरात मोठ्याने सांगावे, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करते.