व्यसनातून उठलेली माणसे : माल्कम एक्सच्या चरित्रातील एक दुर्लक्षित पान

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि अमेरिकेतील काळ्यांचा लढा आपल्या चर्चेत आला. त्या लढ्यातील माल्कम एक्स मात्र आपल्या लेखांतून जहाल वक्ता म्हणूनच भेटतो. मला त्याचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते.

जन्म १९२५, ओमाहा. १९३१ साली बाप ट्रामखाली गेला, १९३९ साली आईला वेड्यांच्या इस्पितळात टाकले. वकील व्हायचे म्हणणाऱ्या या हुशार पोराला गोऱ्या शिक्षकाने सुतारकी सुचवली. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. असले सल्ले कसल्या आवाजात दिले जातात ते मला ठाऊक आहे. पुढे बॉस्टन, हार्लेम, गांजा, कोकेन, घरफोड्या आणि १९४६ साली आठ ते दहा वर्षांची सजा. (आपली गुन्हेगारी त्याने आत्मचरित्रात फुगवली, असे चरित्रकार मॅनिंग मॅरेबल यांनी २०११ साली म्हटले. असेल, तुरुंग तर खोटा नव्हता!)

नॉरफोकच्या तुरुंगात त्याने शब्दकोश उतरवून काढला, हे सगळेच सांगतात. आपल्या शिकलेल्या वर्गाला ती गोष्ट सोयीची वाटते, कारण तीत माणूस एकटाच वर येतो. पण भावंडांची पत्रे आणि ‘नेशन ऑफ इस्लाम’ ही संघटना त्याच्या पाठीशी होती. ७ ऑगस्ट १९५२ रोजी तो सुटला तो कामाला लागण्यासाठीच. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि कपाळावरचा शिक्का तसाच राहिला.

१९५४ पासून हार्लेममध्ये त्याच्या मंदिराने गर्दुल्ल्यांत काम मांडले. जाणारे कार्यकर्ते स्वतः त्याच नशेतून उठलेले. जुन्या अड्ड्यावर जायचे, ओळख काढायची, कित्येक आठवडे नुसते बोलायचे. आपण व्यसनी आहोत हे त्याच्याच तोंडून यायला हवे. मग आपण कशापासून पळतो आहोत, हेही. गोऱ्यांच्या राज्यात काळा असण्याचे दुःख बधिर करण्यासाठी सुई टोचतो, हे उत्तर तिथे मिळे. नशा तुटताना तो ओरडे, शिव्या देई, ओके. तेव्हा हीच माणसे रात्रंदिवस उशाशी बसत. बरा झाला की तोच दुसऱ्याला आणायला निघे.

त्या पंथाची ‘गोरा म्हणजे सैतान’ ही शिकवण मला मान्य नाही; माल्कमनेही १९६४ साली पंथ सोडला आणि ती टाकली. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी त्याचा खून झाला. मात्र उशाशी बसण्याची ती रीत घेण्याजोगी आहे. आपल्या वस्तीत दारूत बुडालेला किंवा जेल भोगून आलेला माणूस सभेच्या मागे उभा असतो. आपण त्याला सतरंज्या उचलायला सांगतो, भाषणाला उभे करीत नाही. व्यसनमुक्तीवर बोलायला बाहेरून पाहुणा येतो.

१९७० साली न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये यंग लॉर्ड्स आणि ब्लॅक पँथरच्या कार्यकर्त्यांनी लिंकन इस्पितळातील जागा ताब्यात घेऊन हेरॉइन सोडवण्याचे केंद्र सुरू केले. तिथेही पूर्वीचे व्यसनी काम करीत, आणि उपचाराबरोबर राजकारणाचे वर्ग चालत. १९७८ साली सरकारने पोलीस घालून त्यांना बाहेर काढले.