पाऊस पडला तरी गाव रिकामं का होतं?

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, पाटोदा, आष्टी, शिरूर, केज, धारूर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. दुष्काळ पडतो म्हणून माणसं जातात, असं आपण सरसकट म्हणतो. पण चांगल्या पावसाच्या वर्षीही टोळ्या जातातच. असं का, ते थोडं मागं जाऊन बघू.

१९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढं नगर जिल्ह्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढले, कॅनॉलवर ऊस वाढला. तोडायला माणूस लागू लागला. इकडं डोंगरपट्ट्यात जमीन हलकी, मुरमाड. बाजरी सप्टेंबरात निघाली की रानात ओल राहत नाही. शाळूला खोल, काळी जमीन पाहिजे. काळ्या रानाचा शेतकरी शाळू काढेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत गुंतलेला असतो. हलक्या रानाचा दिवाळीआधीच मोकळा, आणि कारखान्याचा बॉयलर नेमका तेव्हाच पेटतो.

त्यात १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, दावणी रिकाम्या झाल्या. दुष्काळी कामांवर खडी फोडून, पाझर तलाव खोदून, मिलो आणि सुकडी खाऊन माणसं जगली. जीव वाचला, पण परत शेती उभी करायला हातात पैसा नव्हता. तो मुकादमाकडून मिळायचा, उचल म्हणून. एकदा उचल घेतली की पाऊस पडो न पडो, नवरा-बायकोचा कोयता जाणारच. दुष्काळानं पाडलेली वाट उचलीनं कायमची केली.

आता नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. १९७२ नंतर तिथलीही माणसं पोटासाठी बाहेर पडली होती. १९८९ पासून सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गावानं डोंगरावर चर काढले, चराई आणि कुऱ्हाड बंद केली. शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही, असं ठरवलं. पाऊस काही वाढला नाही, ओल मात्र रब्बीपर्यंत टिकली. ज्वारी, कांदा, चारा, दूध सुरू झालं आणि गेलेली कुटुंबं परत आली.

म्हणून किती मिलिमीटर पडला एवढंच मोजून भागत नाही. दिवाळीनंतर रानात ओल किती उरली, तेही बघा. ओल नसली की कोयता निघतो आणि त्याच्यामागं पोरांची शाळा सुटते. ती पुढच्या पावसानं भरून येत नाही.

तुमच्या गावातून किती कोयते जातात? बांधबंदिस्ती झाल्यावर कमी झाले का? लिहा.