माळ्यावरची जुनी गिटार विकायचीय? आधी तिची खरी किंमत अशी काढा

घर रिकामं करताना माळ्यावरून किंवा पलंगाखालून एखादी जुनी गिटार निघते. काकांची, आजोबांची, कधी जहाजावर नोकरी केलेल्या मामांची. बघायला आलेला पहिला माणूस म्हणतो, "पाच हजार देतो, आत्ता घेऊन जातो." तेवढ्यात घरातलं कॉलेजातलं पोर मोबाईलवर तशीच दिसणारी गिटार आठ लाखांना लावलेली दाखवतं. दोघंही चुकीचे असू शकतात. बहुतेक वेळा असतातच.

पुढे वाचण्याआधी एक गोष्ट पक्की करा. किंमत कळेपर्यंत त्या गिटारीला हात लावायचा नाही. पॉलिश नको, नव्या खुंट्या नकोत, सुटलेल्या फळीवर फेव्हिकॉल तर मुळीच नको. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसा, तारा थोड्या सैल करा आणि बस. असं का, ते पुढे येईलच.

गिब्सन की गिव्हसन?

जुन्या गिटारीची किंमत वयावर ठरते हा सगळ्यात मोठा गैरसमज. पन्नास वर्षं जुनी प्लायवूडची गिटार ही पन्नास वर्षं जुनी प्लायवूडची गिटारच असते. किंमत ठरते ती कोणी बनवली, नेमकी कोणत्या वर्षी, कोणत्या लाकडाची आणि मूळचं किती शिल्लक आहे यावर.

म्हणून पहिलं काम नाव वाचणं. गिटारीच्या मानेच्या टोकाला, जिथे खुंट्या असतात त्या भागाला हेडस्टॉक म्हणतात. नाव तिथे असतं. ते नीट, एकेक अक्षर वाचा. भारतात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्याकडे घरोघरी सापडणारी एक गिटार आहे कोलकात्याची गिव्हसन. अमेरिकेची गिब्सन वेगळी. दोघींच्या नावात एकाच अक्षराचा फरक, आणि अक्षरं तिरकी, पुसट झालेली असली की डोळा हमखास फसतो. गिव्हसन वाईट असते असं नाही, कित्येकांचे पहिले कॉर्ड तिच्यावरच बसलेत. पण नवी गिव्हसन आजही काही हजारांत मिळते. जुनीचे लाख होत नाहीत. हॉबनर, रेनॉल्ड्स या देशी नावांचंही तेच. त्यांची किंमत आठवणींची, बाजाराची नव्हे. अशी गिटार असेल तर दुरुस्त करून घरातल्या कुणाला तरी शिकायला द्या, हे माझं मत.

नाव मार्टिन, गिब्सन किंवा गिल्ड असेल तर मात्र सावध व्हा. जपानी यामाहाकडेही दुर्लक्ष करू नका. १९६६ नंतर काही वर्षं जपानमध्ये बनलेल्या एफजी-१८० सारख्या मॉडेलच्या आत लाल लेबल असतं. हौशी लोक त्यासाठी काही शे डॉलर मोजतात. एके काळच्या स्वस्त गिटारीसाठी हे कमी नाही.

नंबर काय सांगतो?

मार्टिन ही १८३३ पासूनची कंपनी. तिचं वय काढणं सगळ्यात सोपं. १८९८ पासून ती प्रत्येक गिटारीला क्रमांक देते. गिटारीच्या पोटावरच्या गोल भोकातून मोबाईलचा टॉर्च आत टाका आणि मान जिथे पेटीला जोडलेली असते तिथल्या ठोकळ्याकडे बघा. तिथे क्रमांक आणि त्याच्या वर मॉडेल छापलेलं असतं. मॉडेल छापायला १९३० मध्ये सुरुवात झाली, त्यामुळे नुसताच क्रमांक असेल तर गिटार त्याहून जुनी असू शकते. कोणता क्रमांक कोणत्या वर्षाचा, याचा तक्ता कंपनीच्याच वेबसाइटवर फुकट मिळतो.

एका क्रमांकाने किती फरक पडतो ते बघा. मार्टिनचं सगळ्यात गाजलेलं मॉडेल डी-२८. तिची पाठ आणि बाजू अनेक दशकं ब्राझीलच्या रोझवूडची असायची. ब्राझीलने त्या लाकडाचे ओंडके बाहेर पाठवण्यावर निर्बंध आणले आणि १९६९ मध्ये कंपनीने दुसरं लाकूड घेतलं. ते कोणतं? भारतीय रोझवूड. म्हणजे आपलं शिसव, तेच झाड जे सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या जंगलांत वाढतं. आजीच्या माहेरच्या कपाटाचं आणि अमेरिकन गिटारीचं लाकूड एकच निघावं, हे मला तरी भारी वाटतं.

हा बदल क्रमांक २५४४९८ च्या आसपास झाला. त्याच्या आधीची डी-२८ ब्राझीलच्या लाकडाची, नंतरची शिसवाची. आवाजात म्हणाल तर फरक ओळखता ओळखता भलेभले वादक गोंधळतात. किमतीत मात्र ब्राझीलवाली कित्येक पटींनी वर जाते, कारण ते लाकूड आता जवळजवळ मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची डी-२८ चांगल्या अवस्थेत असेल तर पन्नास हजार डॉलरच्या पुढची भाषा सुरू होते. शिसवाची, सत्तरच्या दशकातली डी-२८ काही हजार डॉलरमध्ये मिळते. दिसायला दोघी बहिणी.

गिब्सनचं गणित इतकं सरळ नाही. साठच्या दशकात कंपनीने तेच ते क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून वर्ष ठरवलं तर फसाल. तिथे इतर खुणा जुळवाव्या लागतात. हेडस्टॉकच्या मागे 'मेड इन यूएसए' असा ठसा असेल तर गिटार साधारण १९७० किंवा नंतरची. १९६५ च्या सुमारास मान अरुंद झाली, तीही एक खूण. इथे फोटो काढून जाणकाराला दाखवणंच बरं.

पट्टी लावून बघा

आता तब्येत. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० किलो असतो. म्हणजे एक प्रौढ माणूस त्या पातळ लाकडी पेटीला रात्रंदिवस, चाळीस-पन्नास वर्षं लटकून राहिलाय. परिणाम होणारच. मान हळूहळू पुढे झुकते, तारा वर उचलल्या जातात आणि वाजवताना बोटं सोलून निघतात.

हे घरी तपासता येतं. डोक्याकडून मोजत बाराव्या फ्रेटवर या (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या). तिथे सगळ्यात जाड तार आणि फ्रेट यांच्यात किती अंतर आहे ते स्केलपट्टीने मोजा. तारा सैल केल्या असतील तर एवढ्यापुरत्या अलगद सुरात आणा, मान फारच वाकलेली किंवा फळी सुटलेली दिसत असेल तर तेही करू नका. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर छान, चारच्या वर असेल तर गडबड. मग एक लांब, सरळ पट्टी फ्रेटवर मधोमध ठेवून पुढे ब्रिजपर्यंत न्या, म्हणजे तारा जिथे पेटीला बांधलेल्या असतात त्या लाकडी तुकड्यापर्यंत. पट्टीचं टोक ब्रिजच्या वरच्या कडेला टेकलं तर मानेचा कोन ठीक. ब्रिजला खाली कुठेतरी धडकलं तर मान काढून नव्या कोनात बसवावी लागणार. याला नेक रीसेट म्हणतात. अमेरिकेत त्याला काही शे डॉलर लागतात आणि घेणारा ते किमतीतून वजा करणारच. भारतात हे काम नीट करणारे कारागीर मोजकेच, म्हणून इथला ग्राहक त्याहूनही जास्त वजा करतो.

बाकी बघायचं ते असं: ब्रिज मागच्या बाजूने उचलला गेलाय का, त्याच्यामागे फळी फुगलीय का, लाकडाच्या रेषेत तडे गेलेत का, गिब्सनची मान हेडस्टॉकपाशी मोडून जोडलीय का. शेवटचं फार सर्रास आढळतं आणि किंमत चांगलीच खाली आणतं, जोड कितीही सफाईदार असला तरी. आतून टकटक करून बघा. लाकडी पट्ट्या सुटल्या असतील तर खडखड ऐकू येते.

मुंबई-कोकणातल्या गिटारींचं एक वेगळं दुखणं आहे. गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती सहज ८० च्या पुढे जाते. जुन्या गिटारी सरसाने चिकटवलेल्या असतात. सतत दमट हवेत सरस ढिला पडतो, सांधे सुटतात. हे वाचून घाबरू नका. सरसाचा सुटलेला सांधा नीट पुन्हा जोडता येतो. पण त्यावर आधीच कुणी फेव्हिकॉल ओतला असेल तर कारागिराला आधी तो खरवडावा लागतो.

आणि हो, हवाईयन गिटार! एके काळी आपल्याकडे गिटार आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी घासत वाजवायची मोठी लाट होती. त्यासाठी डोक्याकडची नट नावाची पट्टी उंच केली जायची. तुमच्या गिटारीच्या तारा खूपच वर दिसत असतील तर मान वाकलीय असं ठरवण्याआधी हे बघा. वरून बसवलेला तुकडा असेल तर तो निघतो आणि नुकसान शून्य.

पॉलिशने किंमत का घटते?

आपल्याला सवय भांडी घासून विकायची. पितळ चमकलं की भाव वाढतो. गिटारीत उलटं. संग्राहक मूळ लॅकर, मूळ खुंट्या, मूळ ब्रिज, अगदी मूळ खोकासुद्धा मोजून घेतो. बाजारातला ढोबळ ठोकताळा असा की पूर्ण नव्याने रंगवलेली गिटार मूळ रंगातल्या तशाच गिटारीच्या निम्म्या किमतीला जाते. म्हणजे दोन हजारांचं पॉलिश दीड-दोन लाख खाऊ शकतं. वाजवण्याने पडलेले ओरखडे चालतात. नवा चकचकीत थर चालत नाही.

आधीच कुणी रंगवलीय का, हे कसं ओळखायचं? अंधारात अतिनील टॉर्च मारला की जुनं लॅकर फिकट हिरवट-पिवळं चमकतं आणि नंतर रंगवलेला भाग वेगळा दिसतो. खुंट्या किंवा इतर भाग बदलले असतील आणि जुने घरात कुठे डबीत पडले असतील तर ते शोधा. त्यांनाही किंमत आहे.

कोट्यवधींच्या बातम्या

कर्ट कोबेनची गिटार २०२० च्या जूनमध्ये ६० लाख १० हजार डॉलरला गेली, तेव्हाच्या दराने साधारण ४५ कोटी रुपये. ती १९५९ ची मार्टिन डी-१८ई. हे मॉडेल फक्त ३०२ बनलं. पण दुर्मिळ म्हणून ती महाग नव्हती. त्यावर बसवलेल्या पिकअपमुळे हे मॉडेल वादकांना कधी फारसं आवडलंच नाही. पैसे मिळाले ते १९९३ च्या एमटीव्ही अनप्लग्डमध्ये कोबेनने ती वाजवली म्हणून, आणि त्याचं चित्रीकरण आहे म्हणून. जॉन लेननची माळ्यावर सापडलेली फ्रामस २०२४ मध्ये २८ लाख डॉलरच्या वर गेली, तिचंही तसंच.

तुमच्या काकांनी एखाद्या मोठ्या संगीतकाराच्या ध्वनिमुद्रणात ती वाजवली असेल तर नुसतं सांगून भागत नाही. तारीख असलेला फोटो, पत्र, स्टुडिओची पावती, काहीतरी हवं. फोटोत गिटारीच्या लाकडाच्या रेषा किंवा एखादा ओरखडा जुळला तर उत्तम.

मग आकडा कुठून काढायचा?

वेबसाइटवर लावलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. आठ लाखांची ती गिटार कदाचित तीन वर्षं तिथेच पडून आहे. बघायचं ते प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांचं. ईबेवर 'सोल्ड आयटम्स' हा फिल्टर आहे, रिव्हर्ब या वाद्यांच्या बाजारपेठेवर जुन्या व्यवहारांवरून काढलेला किंमत-मार्गदर्शक आहे. तेच मॉडेल, जवळचं वर्ष, साधारण तीच अवस्था अशा चार-पाच विक्री काढा.

आता एक हिशेब करू, आकडे निव्वळ उदाहरणादाखल. समजा तशा गिटारी ३,००० डॉलरला विकल्या गेल्यात. तुमच्या गिटारीला नेक रीसेट हवा, ६०० वजा. उरले २,४००. हा झाला थेट वादकाला विकण्याचा भाव. दुकानदाराला दिलीत तर तो साधारण ५० ते ६० टक्के देईल, म्हणजे १,२०० ते १,४४०. ही लूट नाही. त्याला ती दुरुस्त करून, महिनोन् महिने ठेवून, वर हमी देऊन विकायची असते. दुकानात ठेवून विकल्यावर कमिशन द्यायचं, असा मधला मार्गही असतो. विम्यासाठीचा आकडा मात्र तशीच दुसरी गिटार विकत घ्यायला लागणारी रक्कम असते. तो कागद दाखवून खरेदीदाराकडे तेवढेच मागू नका.

गिटार खरंच मोठ्या नावाची निघाली तर पैसे देऊन लेखी मूल्यांकन घ्या. अमेरिकेत नॅशव्हिलच्या ग्रून गिटार्ससारखी दुकानं हे काम करतात. एक नियम पाळा: किंमत सांगणारा आणि विकत घेणारा एकच माणूस नको.

परदेशी विकायच्या आधी

भारतात अशा गिटारीचे ग्राहक थोडे, म्हणून परदेशी विकायचा मोह होतो. इथे लाकूड आडवं येतं. ब्राझीलचं रोझवूड १९९२ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वात कडक यादीत आहे. परवान्याशिवाय ती गिटार सीमेपार नेता येत नाही. शिसवासारख्या इतर रोझवूडवर २०१७ मध्ये बंधन आलं होतं, पण तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. हस्तिदंताची नट किंवा कासवाच्या पाठीचं नक्षीकाम असेल तर प्रकरण थेट वन्यजीव कायद्याकडे जातं. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. तेव्हा अशी गिटार असेल तर परदेशी ग्राहकाकडून पैसे घेण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे लेखी विचारणा करा.

कुरिअर करायचीच असेल तर तारा सैल, हेडस्टॉकखाली गुंडाळलेला टॉवेल, खोक्याच्या बाहेर आणखी एक खोका. गिब्सनच्या माना बऱ्याचदा मैफलीत नव्हे, प्रवासात मोडतात.