परदेशीय, स्वदेशीय आणि शेजारी : ख्रिस्ती विचार व डहाणू-तलासरी

स्थलांतरिताविषयीच्या ख्रिस्ती विचाराचा पाया बायबलमधील लेवीय या ग्रंथाच्या 19व्या अध्यायात आहे. तेथे देशात राहणाऱ्या परदेशीयावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा असून, इस्राएल लोक स्वतः मिसर देशात परके होते, हे तिचे कारण सांगितले आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास याने प्रीतीचा क्रम मांडला, म्हणजे जवळच्यांचे ऋण अधिक मानले. 2025 मध्ये अमेरिकेत त्याच कल्पनेचा आधार घेऊन स्थलांतरितांना दूर ठेवण्याचे समर्थन झाले, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी तेथील बिशपांना पत्र लिहून चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याची आठवण करून दिली.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत हा वाद वेगळ्या रीतीने वाचावा लागतो, कारण येथे बाहेरून आलेले सावकार व जमीनदार धनी झाले आणि मूळचे वारली आदिवासी आपल्याच भूमीत वेठबिगार ठरले. लग्नासाठी काढलेले कर्ज फेडण्याकरिता सावकाराकडे राबणाऱ्यास लग्नगडी म्हणत. 1945 मध्ये ही वेठ मोडणारा उठाव गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने उभारला, चर्चने नव्हे, आणि ख्रिस्ती इतिहासकारालाही हे नोंदवावेच लागेल. 1975 मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने श्रद्धेची सेवा न्यायापासून वेगळी करता येत नाही, अशी भूमिका घेतली. जेझुइट पार्श्वभूमीच्या प्रदीप प्रभू यांनी सहकाऱ्यांसह 1978 मध्ये कष्टकरी संघटना स्थापन केली, मात्र ती धार्मिक संस्था नसून जमीन, जंगल व मजुरी यांसाठी लढणारी संघटना होती.

भातकापणीनंतर वीटभट्ट्यांकडे निघणाऱ्या येथील कुटुंबांच्या तोंडी ‘जगायला जाणे’ असा शब्दप्रयोग आहे. या स्थलांतराला 2013 च्या जागतिक स्थलांतरित व निर्वासित दिनाच्या संदेशातील पोप बेनेडिक्ट सोळावे यांचे प्रतिपादन अधिक लागू पडते : स्थलांतराच्या हक्काआधी स्थलांतर न करण्याचा, म्हणजे आपल्याच भूमीत सन्मानाने राहण्याचा, हक्क येतो. त्यामुळे शेजारप्रेमाचा प्रश्न येथे आलेल्याला जागा देण्याआधी राहणाऱ्याची जमीन राखण्याचा होतो. राष्ट्राची सीमा तर या मजुरांना समुद्रात भेटते. गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून गेलेले कित्येक आदिवासी, पाण्यावर न दिसणारी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून, कराचीच्या तुरुंगात परदेशी कैदी म्हणून राहिले आहेत.