मेंदूंतील नवी कामवांटणी

भोसरीच्या एखाद्या लहानशा कारखान्यांत यंत्र बिघडून सुट्या भागांचें काम थांबलें, तर चाकणच्या मोठ्या कारखान्यांतील मोटारींची जोडणी थोड्याच अवधींत अडून बसते. वस्तुतः चाकणच्या यंत्रांना कांहींच झालेलें नसतें. त्यांस मिळणारा माल मात्र तुटलेला असतो. पिंपरी-चिंचवडच्या परिसरांत ज्यांची हयात गेली त्यांस हें सांगावयास नको. अर्धांगवायूचा झटका आल्यावर मेंदूंत जें घडतें, तें पुष्कळसें ह्याच जातीचें आहे. परंतु वैद्यकशास्त्रास तें नीट ओळखावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा वाहिनी तुंबून किंवा फुटून बंद झाला कीं तेथील पेशी मरतात. मेलेल्या पेशी पुन्हां जिवंत होत नाहींत. असें असतां कांहीं आठवड्यांनीं लुळा पडलेला हात हलूं लागतो, गेलेली वाचा परत येते, हें कसें?

1861 सालीं पॅरिस येथें पॉल ब्रोका ह्या शस्त्रवैद्यानें एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला. त्या रुग्णास हयातींत ‘तान’ ह्या एका उच्चारापलीकडे जवळजवळ कांहींच बोलतां येत नसे. डाव्या गोलार्धाच्या पुढील भागांत त्याचें कारण सांपडलें, आणि मेंदूंत प्रत्येक कामाची जागा ठरलेली असते ह्या मतास मोठें बळ आलें. गंमत अशी कीं, वाचा परत येण्याचें कोडेंही ब्रोकाच्याच ध्यानांत आलें होतें. अशा वेळीं उजवा गोलार्ध तें काम अंगावर घेत असावा, असा तर्क त्यानें 1865 सालीं केला. त्यास आधार 1877 सालीं इंग्लंडांतील टॉमस बार्लो ह्यांनीं दिला. दहा वर्षांच्या एका मुलाची वाचा झटक्यानें गेली, थोड्याच दिवसांत परत आली, आणि पुढें दुसऱ्या बाजूस झटका येतांच पुन्हां गेली. तो मुलगा वांचला नाहीं. त्याच्या मेंदूंत दोन्ही बाजूंस समोरासमोरच्या जागीं इजा आढळली. इतका स्पष्ट दाखला शास्त्रानें पुढें पुष्कळ काळ बाजूस ठेवला, ही नवलाची गोष्ट होय.

भोसरी-चाकणचा दृष्टांत ज्यास नेमका लागू पडतो, तो विचार झुरिकच्या कॉन्स्टँटिन फॉन मोनाकोव्ह ह्यांनीं 1914 सालीं मांडला. इजा एका ठिकाणीं होते, पण तिच्याशीं जोडलेलीं दूरचीं केंद्रेंही, स्वतः धडधाकट असून, निपचित पडतात. तीं हळूहळू जागीं झालीं म्हणजे रुग्ण सुधारल्याचें दिसूं लागतें. त्यापुढील सुधारणेस मात्र कामाची वांटणीच नव्यानें करावी लागते.

ती कशी होते ह्याचा मार्ग 1917 सालींच दिसला होता. अमेरिकेंत ऑग्डेन व फ्रांझ ह्यांनीं माकडांवर प्रयोग करून दाखविलें कीं, चांगला हात बांधून लुळा हात वापरावयास लावला तर तो पुष्कळ सुधारतो. पण त्याच सुमारास स्पेनचे थोर शास्त्रज्ञ रामोन इ काहाल ह्यांनीं, प्रौढ मेंदूंतील मार्ग कायमचे ठरलेले असतात, असा निर्वाळा दिला. भावी शास्त्रानें हा कठोर नियम जमल्यास बदलावा, असेंही त्यांनीं लिहिलें होतें. लोकांनीं निर्वाळा लक्षांत ठेवला आणि आशा विसरली.

पुढें 1991 सालीं मेंदूंतील रक्तप्रवाहाचें चित्र घेऊन पाहतां, बऱ्या झालेल्या हाताच्या हालचालीस दोन्ही गोलार्ध हातभार लावतात असें दिसून आलें. 1996 सालीं रँडॉल्फ नूडो ह्यांनीं माकडांस लहान खळग्यांतून खाद्य उचलावयास लावलें. ज्यांस हा सराव मिळाला त्यांच्या मेंदूंत बोटांचें उरलेलें क्षेत्र टिकलें, कांहींत तर तें कोपर-खांद्याच्या जागेंत शिरलें. सराव नसलेल्यांत उरलेलें क्षेत्रही आकसलें. म्हणजे शेजारच्या कामगारानें रिकामी जागा सांभाळावी तसें हें आहे. पण मागणीच आली नाहीं तर तो तरी हात कशास लावील? 2006 सालीं अमेरिकेंत 222 रुग्णांवर हीच परीक्षा झाली. दोन आठवडे जागेपणींचा बहुतेक वेळ चांगल्या हातास मोजा घालून दुबळ्या हाताकडून काम करविलें. त्याचा लाभ वर्षभरही टिकला. मनगट व बोटें थोडीं तरी हलत असलेलेच रुग्ण ह्या परीक्षेंत घेतले होते, हें विसरतां कामा नये.

एवढा सराव करवून घ्यावयाचा कोणीं? ह्या देशांत तज्ज्ञ थोडे, म्हणून घरच्या माणसांसच शिकवावें अशी कल्पना निघाली. भारतांतील 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर ती पारखण्यांत आली. 2017 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांनंतर मृत वा परावलंबी असलेल्यांचें प्रमाण दोन्ही गटांत सारखेंच, शेंकडा 47. घरच्यांच्या मायेस बोल लावण्याचें कारण नाहीं. थोड्या शिकवणीनें हें काम भागत नाहीं, असें दिसतें.

लेथवर बसणाऱ्या कामगाराची उपजीविका बोटांच्या नेमकेपणावर चालते, आणि त्याच्यापुढें हा प्रश्न दिवसांच्या हिशेबानें उभा राहतो. 1948 च्या कायद्यानें सुरू झालेल्या राज्य कामगार विमा योजनेंत साध्या आजारपणाचा भत्ता वर्षांतून 91 दिवस मिळतो. अर्धांगवायूसारख्या दीर्घ आजारांत तो दोन वर्षांपर्यंत वाढूं शकतो, पण त्यासाठीं आधींचीं दोन वर्षें विम्याच्या नोकरींत गेलेलीं असावीं लागतात. कंत्राटावर, मध्यें मध्यें खंड पडत राबणाऱ्यास ही अट जड जाते. मेंदूंतील वांटणी जोरानें बदलते ती साधारण पहिल्या तीन महिन्यांत, हें खरें; तथापि अमेरिकेंतील त्या 222 रुग्णांस सराव सुरू करतांना झटका येऊन तीन ते नऊ महिने लोटले होते.