खांबाचा पाय

पाय जपून टाका. जमिनीवर सागाचे ढलपे पसरलेत आणि त्यांच्याखाली एखादी पटाशी असू शकते. साल 1731. पुण्यात, कसब्याला लागून, थोरल्या बाजीरावांच्या वाड्याचं काम चाललंय. सागाचे सोट जुन्नरच्या रानातले, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीचा. चुन्याचा उग्र दर्प आणि ताज्या कापलेल्या सागाचा तेलकट वास नाकात एकदमच शिरतात. पलीकडे कोंडाजी सुतारांची माणसं दिसतायत. वाड्याच्या नोंदींत ज्या मोजक्या कारागिरांची नावं उरली त्यांतलं हे एक. बाकी हातांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या बिननावाच्यांपैकी एका म्हाताऱ्याजवळ उकिडवे बसा. त्याच्यापुढे एक खांब आडवा आहे, सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत गेलेला. तो तुमचा हात धरून खांबाच्या टोकावर ठेवतो. बुडखा कुठला, शेंडा कुठला, हे आधी ओळखायचं. झाड रानात जसं उभं होतं तसाच खांब घरात उभा राहील, बुडखा खाली. बाहेरचं फिकट लाकूड त्यानं आधीच वाकसानं तासून टाकलंय, कारण वाळवी पहिल्यांदा तेच खाते. राहिलाय तो नुसता गाभा.

आता कावेत बुडवलेली दोरी ताणून तो लाल रेघ उठवतो, किंकऱ्यानं खांबाच्या माथ्यावर कुसू काढतो आणि ते तुळईतल्या भोकात बसतं का, हे पुन्हापुन्हा पाहतो. बसलं की आरपार भोक पाडून लाकडाची मेख ठोकतो. लोखंडी खिळा का नाही, असं तुम्ही विचारता. उत्तर देण्याऐवजी तो मेखेवर उलट्या बाजूनं दोन ठोके घालतो. मेख बाहेर येते, सांधा सुटतो, लाकडाला ओरखडाही नसतो.

"बाळ, बसवलेलं काढता आलं पाहिजे," तो म्हणतो. "लाकूड कधीतरी कुजणारच. त्या दिवशी अख्खं घर पाडायचं का?"

कोरीव महिरपी, केळफुलं सगळे बघतात. मला या बांधकामात सर्वांत थोर वाटते ती ही मेख. घर बांधतानाच त्याच्या दुरुस्तीची सोय करून ठेवणारी माणसं होती ती. खांब ज्यावर उभा राहायचा ते दगडी उथळंही त्याच विचारातलं. लाकडाचा पाय ओल्या जमिनीला लागता कामा नये.

22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत होते. खर्चाचा आकडा सांगतात 16,110 रुपये. तिथून 1828 च्या फेब्रुवारीत या, पण फार वेळ थांबू नका. वाडा जळतोय. तटबंदी, दरवाजे, जोती राहतील. आतला साग जाईल. आगीपुढे कुठल्याच सुताराचं काही चालत नाही.

पुढचा मुक्काम 13 जुलै 1961, नदीलगतच्या पेठेतला एक बोळ. फुटलेल्या पानशेत धरणाचं पाणी काल येऊन गेलंय. चिखल घोट्याच्या वर आहे. समोरच्या वाड्याची पांढऱ्या मातीची भिंत विरघळून ढिगारा झालीय. रस्त्यावरूनच माजघरातलं फडताळ दिसतंय. पण वर पाहा. खांब, तुळया, कड्या, सगळा सांगाडा जागेवर आहे. माडीचा भार भिंतीवर नव्हताच, तो लाकडावर होता. भिंत पुन्हा घालता येईल.

ती घातलीही जाते, पण सिमेंटनं. भाडी 1947 च्या कायद्यानं गोठलेली, मालकाच्या हातात पैसा नाही, भाडेकरू म्हणतो घर माझं नाही. सुताराला कोण बोलावणार? जुन्या जमिनीवर नवी फरशी चढते, उथळं तिच्याखाली गाडलं जातं. सिमेंटमागची ओल बाहेर पडू शकत नाही. ती खांबाच्या पायात मुरत राहते. वरून तैलरंगाचे थर. आपल्या जुन्या घरांचं जे नुकसान पुरानं केलं नाही, ते या बिनविचाराच्या डागडुजीनं केलं, असं माझं ठाम मत आहे.

आता आजच्या आषाढात या. हा वाडा तुमचा आहे आणि माडीची जमीन एका कोपऱ्यात खचलीय. सुतारमामा हातोडीच्या दांड्यानं खांब ठोकत खाली येतात. वर खणखणीत आवाज, शेवटच्या दीड फुटात बद्द. आरी टोचली की सहज आत जाते. बिल्डर म्हणाला होता, सगळं पाडा. मामा म्हणतात, दीड फूट बदलू.

तुळईला दोन्ही बाजूंनी धिरे लागतात. फरशी फोडून उथळं मोकळं केलं जातं. कुजका भाग कापून खांबाची अर्धी जाडी खाचून ठेवतात. नवा तुकडा पाडलेल्या एका वाड्याच्या तुळईतला आहे. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड आता आकसणार नाही. त्यालाही उलट बाजूनं तितकीच खाच. तो बसवतात, काढतात, केसभर तासतात, परत बसवतात. दुपार त्यातच जाते. तयार मापाचा असा तुकडा कुठल्याच दुकानात मिळत नाही, कारण तुमच्या खांबाचं माप फक्त तुमच्या खांबाचं आहे. शेवटी दोन मेखा. धिरे जरा जरा ढिले करतात, तुळई एकदा करकरते आणि भार नव्या पायावर येतो.

तुम्हाला हुरूप येतो. दिंडीदरवाजाही पावसानं घट्ट झालाय, तोही आजच तासून टाका, असं तुम्ही म्हणता. मामा रंधा पिशवीत ठेवतात.

"आत्ता नको. फुगलेलं दार तासलं तर चैत्रात बोटभर फट पडेल. दिवाळीनंतर येतो, तोवर जरा जोर लावून ओढा."