गप्पी, गोल्डफिश आणि वऱ्हाडातला मे महिना

या वीकेंडचा विषय जरा ओला आहे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नळाला पाणी कधी येणार ते बहुतेक नळालाच माहीत असतं. अशा अमरावती-अकोल्यात रंगीत मासे विकून घर चालवणारी माणसं आहेत! हा धंदा तिथे टिकलाच कसा याचा माग काढत गेलं की आपण बोटाच्या पेराएवढ्या एका माशापाशी येऊन थांबतो. तो गोल्डफिश नाही. तो गप्पी.

गप्पीचा आपल्या गप्पांशी काही संबंध नाही :) रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी नावाचा निसर्ग-अभ्यासक त्रिनिदाद बेटावर राहत होता. त्याने तिथले हे मासे लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये पाठवले आणि १८६६ मध्ये तिथल्या गुंथर या शास्त्रज्ञाने माशाला त्याचं नाव दिलं. गंमत म्हणजे पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून याच माशाचं वर्णन १८५९ मध्येच करून ठेवलं होतं. त्यामुळे शास्त्रीय नाव पीटर्सचं टिकलं आणि बोलण्यात मात्र गप्पी राहिला.

भारतात हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला तो शोभेसाठी नाही, डासांच्या अळ्या खायला. १९२८ मध्ये त्याच कामासाठी त्याचा चुलतभाऊ गॅम्बुसिया आणला गेला. मग डीडीटीचा जमाना आला. १९५३ च्या राष्ट्रीय हिवताप कार्यक्रमानंतर सगळा भर फवारणीवर गेला आणि माशांची आठवण कुणाला राहिली नाही. डास मात्र डीडीटीला सरावले, आणि १९७६ मध्ये देशात हिवतापाचे ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. शहरांसाठीची हिवताप योजना १९७१ पासून सुरू झालेली होतीच. तिच्यासारख्या कार्यक्रमांतून मासा परत कामावर रुजू झाला. आजही आरोग्य खात्याची माणसं विहिरी-डबक्यांत गप्पी सोडतात ते याच परंपरेतून. म्हणजे बघा, जो मासा सरकार फुकट वाटतं त्याचाच शेपटी रंगवलेला भाऊबंद दुकानात जोडीवर विकला जातो. (रंगवलेला म्हणजे ब्रश मारून नव्हे हो, पिढ्यान् पिढ्या निवड करून.)

आता धंद्याकडे. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडलं, पण ती बघायची हौस होती. घरातली टाकी जिल्ह्याच्या गावापर्यंत यायला दोन साध्या गोष्टी लागल्या. एक म्हणजे सिलिकॉन. त्याने काच काचेला चिकटते, त्यामुळे लोखंडी चौकट आणि लांबी यांची कटकट संपली आणि कुठलाही काचवाला टाकी बनवू लागला. दुसरी म्हणजे पॉलिथिनची पिशवी. तिच्यात थोडं पाणी, वर भरपूर ऑक्सिजन, तोंडाला रबर, आणि बाहेरून थर्मोकोलचा खोका. माशांना आधी एखादा दिवस उपाशी ठेवायचं, म्हणजे वाटेत पाणी खराब होत नाही. पश्चिम बंगाल हे या माशांच्या पैदाशीचं देशातलं जुनं केंद्र. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार तर प्रसिद्धच आहे. कापूस वाहायला इंग्रजांनी टाकलेली लोहमार्गाची लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. आज हावडा-मुंबई मार्गावर बडनेरा आणि अकोला ही दोन्ही स्टेशनं लागतात. मुंबईहून माल एका रात्रीत, कोलकात्याहून जवळजवळ चोवीस तासांत.

मासा जिवंत पोचला तरी खरी परीक्षा पुढे असते. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंचा खारपाणपट्टा तुम्हाला माहीत असेल. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, तिकडचं जमिनीतलं पाणीच खारट. पिण्याचं पाणी वान, शहानूर अशा धरणांतून नळाने आणावं लागतं. अमरावती शहराला अप्पर वर्ध्याचं पाणी मिळतं आणि अकोल्याला काटेपूर्णेचं. ते चांगलं असतं, पण त्यात क्लोरीन. त्यावर उपाय म्हणजे हायपो, पूर्वी फोटो स्टुडिओवाले वापरायचे तेच. खरा घोटाळा उन्हाळ्यात नळ चुकला की होतो. दुकानदार बोअरचं पाणी घालतो, क्षार एकदम वाढतात आणि अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातले निऑन टेट्रा, डिस्कस पटापट माना टाकतात. गप्पी आणि मॉली? त्यांना थोडा खार उलट मानवतो. (खारं पाणी आहेच तर 'निमो' पाळू, असा विचार कुणाच्या डोक्यात येत असेल तर थांबा. समुद्राचं मीठ वेगळं आणि खारपाणातले क्षार वेगळे.)

आणि ऊन! २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशांना तो जेमतेम ७ वर येतो. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा आणि खादाड. त्यात २००५ नंतरची काही वर्षं आठवा, तेव्हाचं भारनियमन आठवा. हवेचा पंप बंद की टाकीभर मासे पृष्ठभागावर तोंड उघडून! तेव्हा बॅटरीवरचा पंप ही वऱ्हाडात चैनीची वस्तू नव्हती. तरी गिऱ्हाईक मागतं गोल्डफिशच, कारण वास्तूवाल्याने आठ सोनेरी आणि एक काळा सांगितलेला असतो. महिन्याभरात परत येतो, "भाऊ, मासे मरून काहून राह्यले?"

मला विचाराल तर या धंद्याचं सगळं नीतिशास्त्र त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत नसतातच, ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या दिवशी टाकी आणि दहा मासे एकत्र देणं म्हणजे टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला टाकणं. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. तो दहा विकू शकतो, मेले की पुन्हा दहा. किंवा चार गप्पी देऊन "महिन्याने या" म्हणू शकतो. पहिल्या मार्गाने या महिन्याचं भाडं निघतं. पण दोनदा मासे मेले की तिसऱ्यांदा गिऱ्हाईक येत नाही, त्या टाकीत मनीप्लांट लागतो.

सरकारनेही यात एकदा हात घातला. मे २०१७ च्या नियमांत काचेच्या गोल भांड्यात मासे ठेवायला बंदी होती, दुकानाला नोंदणी सक्तीची होती आणि पशुवैद्य किंवा मत्स्यतज्ज्ञ नेमायची अट होती. गोल भांड्याचं अगदी पटलं. पण दहा बाय दहाच्या दुकानात पशुवैद्य?! ओरड झाली आणि काही महिन्यांत नियम मागे घेतले गेले. नंतर २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. तिच्यात परसातल्या शोभिवंत मासे संगोपनासाठी ३ लाखांचा प्रकल्प धरला होता, अनुदान ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के.

त्या तीन लाखांच्या शेडमध्ये, हिरव्या जाळीखाली, अकोटच्या किंवा दर्यापूरच्या पाण्यावर काय वाढेल? डिस्कस तर नक्कीच नाही. मॉली, प्लॅटी आणि महिन्या-महिन्याला पिल्लं घालणारा गप्पी.